गोणपाट, छडी आणि नागसेनाची अट

डी.एड. आणि बी.एड.च्या अभ्यासक्रमात ‘वर्गव्यवस्थापन’ नावाचा एक घटक असतो. मुलांना कसे बसवावे, गोंगाट कसा थांबवावा, मागच्या बाकावरच्या मुलाकडे लक्ष कसे ठेवावे, शिक्षक-विद्यार्थी यांच्यात जिव्हाळा कसा निर्माण करावा, असे मुद्दे त्यात येतात. आपल्या वस्त्यांमधली असंख्य मुले-मुली टीईटी आणि अभियोग्यता चाचणीची तयारी करताना हा घटक पाठ करतात. पण या देशात वर्गाची ‘व्यवस्था’ शतकानुशतके कोणत्या नियमाने लावली गेली, कोण आत बसले, कोण दाराशी बसले आणि कोणाला दारापर्यंतसुद्धा येऊ दिले नाही, हा इतिहास त्या पुस्तकांत शोधूनही सापडत नाही.

मित्रांनो, आमचे म्हणणे स्पष्ट आहे. वर्ग सांभाळणे ही नुसती युक्त्या-क्लृप्त्यांची बाब नाही. कोण कुठे बसणार, पाणी कोण पिणार, फळ्याजवळ कोणाला बोलावणार, मार कोणाला बसणार आणि प्रश्न कोण विचारणार, या पाच गोष्टी ज्याच्या हातात असतात त्याच्या हातात सत्ता असते. ही सत्ता आपल्या देशात जातीने वापरली. म्हणून शिक्षक-विद्यार्थी नात्याचा इतिहास हा आपल्या मुक्तीच्या इतिहासाचाच एक भाग आहे, आणि त्याच्याकडे तसेच पाहिले पाहिजे.

‘शाळा ओस पडेल’

इंग्रजी राज्याच्या सुरुवातीला आपल्याकडे पंतोजींच्या खाजगी शाळा होत्या. एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळात त्या भरत. मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि पाढ्यांची घोकंपट्टी करीत. मोठी मुले लहान मुलांना शिकवीत. अशीच पद्धत मद्रासकडे अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने पाहिली. वाळूत अक्षरे गिरवणारी आणि एकमेकांना शिकवणारी मुले पाहून त्याने आपल्या अनाथालयातल्या शाळेत तोच प्रयोग केला आणि १७९७ मध्ये त्यावर इंग्लंडात पुस्तक छापले. पुढे जोसेफ लँकेस्टरने तिकडे ही मॉनिटर पद्धत गाजवली. १८२० च्या दशकात मुंबईत शाळा काढणाऱ्या सोसायटीने हीच पद्धत लँकेस्टरच्या नावाने पुन्हा इकडे आणली. आज आपल्या शाळांत वर्गाचा ‘मॉनिटर’ असतो, त्याचे मूळ इतके जुने आहे.

ही पद्धत स्वस्त होती. एका गुरुजीला पुष्कळ मुले सांभाळता येत. पण एका मुलाने दुसऱ्याला शिकवायचे तर दोघांनी शेजारी बसावे लागते, एकाने दुसऱ्याची पाटी हातात घ्यावी लागते. इथेच आपला प्रश्न येतो. महाराच्या मुलाची पाटी हातात कोण घेणार? मांगाच्या पोराच्या शेजारी कोण बसणार? या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थेने फार सोपे काढले. ते मूल शाळेतच घ्यायचे नाही.

१८५६ च्या जून महिन्यात एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारल्याबद्दल मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने २१ जुलै १८५६ च्या ठरावात त्याला काय उत्तर दिले ते समजून घेण्यासारखे आहे. तत्त्वतः न्याय या मुलाच्या बाजूने आहे, हे सरकारने मान्य केले. पण शतकांचे पूर्वग्रह एका झटक्यात मोडता येत नाहीत, आणि एका मुलासाठी सक्ती केली तर बाकी सगळ्यांसाठी शाळा निरुपयोगी होईल, असे म्हणून अर्ज फेटाळला. म्हणजे मुलगा अपात्र आहे असे कोणीही म्हटले नाही. वर्गाची घडी बिघडेल, एवढेच कारण दिले गेले.

पुढे १८५८ मध्ये लंडनहून कळवण्यात आले की सरकारी शाळा सर्व वर्गांसाठी खुल्या आहेत. कागदावर दार उघडले. पण दार उघडणे वेगळे आणि आत बसायला जागा मिळणे वेगळे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने जे शिक्षणविषयक निवेदन दिले, त्यात त्यांनी हे धारवाड प्रकरण मुद्दाम मांडले. बाकीच्या मुलांचे पालक नाराज होतील, वर्गाचे वातावरण बिघडेल, ही कारणे आजही आपल्या मुलांना बाजूला काढण्यासाठी दिली जातात, म्हणून हे प्रकरण आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असायला हवे.

मुक्ताचा निबंध काय सांगतो

ज्या काळात सरकार घडी बिघडण्याची भीती सांगत होते, त्याच काळात पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी वेगळा वर्ग उभा केला होता. १८४८ मध्ये मुलींची शाळा आणि त्यानंतर काही वर्षांतच महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा. या शाळांबद्दल आपण जयंतीला भाषणे करतो. शेण-दगडांची आठवण काढतो. ती काढलीच पाहिजे. पण त्या वर्गाच्या आत काय घडत होते, हे आपण क्वचितच विचारतो.

त्याचा पुरावा आपल्याकडे आहे. जोतीरावांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. वय अवघे चौदा वर्षांच्या आसपास, शाळेत येऊन झालेली वर्षे तीन. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्यात तिने आपल्या लोकांचे हाल सांगितले आणि थेट धर्माच्या ठेकेदारांनाच जाब विचारला. तीन वर्षांत धुळाक्षरे, वाचन, लेखन शिकवता येते. पण धर्मसत्तेला जाब विचारण्याचे धाडस पुस्तकातून येत नाही. ज्या वर्गात मुलीला कोणी हिडीसफिडीस करत नाही, तिचे बोलणे ऐकून घेतले जाते, तिच्या घरचे दुःख हा अभ्यासाचा विषय मानला जातो, त्या वर्गातच ते येते. शिक्षक-विद्यार्थी नात्याची परीक्षा घ्यायची असेल तर आमच्या मते हाच निकष लावावा. मूल किती गप्प बसते हे पाहू नका, मूल काय विचारू शकते ते पहा.

१८८२ ची साक्ष

पुस्तकी वर्गव्यवस्थापनात परदेशी विद्वानांची नावे येतात. ती येऊ द्यावीत. बाबासाहेबांनी स्वतः कोलंबियात ज्यांच्याकडे शिक्षण घेतले त्या जॉन ड्युईंचे ऋण ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये उघडपणे मान्य केले आहे. पण आपल्या मातीतला जो पहिला मोठा दस्तऐवज या विषयावर आहे, त्याचे नाव मात्र या यादीत येत नाही. तो म्हणजे जोतीरावांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेले निवेदन.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी म्हणून ते निवेदन सगळ्यांना माहीत आहे. त्यातला शिक्षकांविषयीचा भाग आपण पुन्हा वाचला पाहिजे. जोतीराव सांगतात की प्राथमिक शाळांतले जवळजवळ सगळे शिक्षक ब्राह्मण आहेत, त्यांतले थोडेच प्रशिक्षित आहेत, पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर जातो. मग ते उपाय सुचवतात. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत. का? तर ते मुलांत आणि त्यांच्या आई-बापांत मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा आणि इच्छा त्यांना समजतील. सोवळ्या-ओवळ्यामुळे फटकून राहणाऱ्या शिक्षकाला ते जमणार नाही. आणि हा शिक्षक नांगर धरायला किंवा सुताराची वाकस चालवायला लाजणारा नसावा. त्याच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान असावे. आणि त्याला किमान बारा रुपये, मोठ्या गावांत पंधरा-वीस रुपये पगार मिळावा.

ही मागणी नीट समजून घ्या. जोतीराव शिक्षकाला ‘प्रेमळ व्हा’ असा उपदेश करत बसलेले नाहीत. शिक्षक कोणत्या घरातून आला, त्याला श्रमाची लाज वाटते की नाही, त्याला मुलांचे जगणे माहीत आहे की नाही, त्याला पोटापुरता पगार आहे की नाही, यावर नाते अवलंबून असते, हे त्यांनी ओळखले होते. ज्याला पेरणी-कापणी माहीत नाही तो सुगीच्या दिवसांत गैरहजर राहिलेल्या मुलाला ‘उनाड’ ठरवणार. ज्याला माहीत आहे तो त्याला बुडालेला अभ्यास करून देणार. ऊसतोडीला जाणाऱ्या आई-बापांच्या मुलांबाबत आज हाच प्रश्न उभा आहे.

सातारच्या शाळेतले गोणपाट

७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांनी सातारच्या सरकारी शाळेत प्रवेश घेतला. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेतल्या अनुभवाबद्दल बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत लिहिले आहे. तिथे वर्गातल्या क्रमांकाप्रमाणे मुलांना बसवण्याची रीत होती, पण बाबासाहेबांना त्यांच्या क्रमांकाच्या जागी बसता येत नसे. त्यांना कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला वेगळे गोणपाट. शाळा झाडणारा नोकरसुद्धा त्याला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी पुन्हा आणायचे. तहान लागली तर गुरुजींची परवानगी पुरत नसे. शाळेचा शिपाई हजर असावा लागे, कारण नळ त्यानेच उघडायचा. शिपाई नाही तर पाणी नाही.

इथे एक गोष्ट आमच्या तरुणांनी लक्षात घ्यावी. या सगळ्यात कोणी कोणाला मारलेले नाही, कोणी शिवी दिलेली नाही. गुरुजी कदाचित गोड बोलणारेही असतील. वर्गाच्या रचनेनेच काम केले. क्रमांकाने बसवण्याचा नियम हुशारीला मान देणारा म्हणून मिरवला जात होता, आणि तोच नियम अस्पृश्य मुलापाशी येऊन थांबत होता. हुशारीचा क्रमांक वरचा, जातीचा खालचा, आणि वर्गात चालणार जातीचा. काही शिक्षक वहीला हात लावत नसत, प्रश्नही विचारत नसत, असे बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. वर्गात आहात, पण हा विषय तुमचा नाही, असा त्याचा अर्थ.

त्याच मुंबईत दुसरे उदाहरण घडत होते. चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसणारा एक मुलगा विल्सन हायस्कुलातले शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांना दिसला. ते त्याचे वर्गशिक्षक नव्हते. त्यांनी चौकशी केली, पुस्तके वाचायला दिली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली, तेव्हा केळुस्करांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांनी खटपट केली. एका शिक्षकाने एका मुलाला नाव, गाव, वाचन विचारले आणि त्याच्या हातात बुद्ध ठेवला. पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे.

कुमुद पावडे यांनी ‘अंतःस्फोट’मध्ये आपल्या संस्कृत शिक्षणाची कहाणी लिहिली आहे. जो विषय बाबासाहेबांना नाकारला गेला तो त्यांना शाळेत गोखले गुरुजींनी आपपरभाव न ठेवता शिकवला. त्या पुढे संस्कृतच्या प्राध्यापक झाल्या. म्हणून आम्ही म्हणतो की प्रश्न निव्वळ जन्माचा नाही. जोतीरावांचा आक्षेपही फटकून राहण्याला होता. जो फटकून राहत नाही तो कोठेही जन्मलेला असो, त्याचे ऋण आपण मानतो. पण अशा भल्या माणसांच्या भरवशावर एका समाजाचे शिक्षण सोपवता येत नाही. त्यासाठी नियम लागतो.

जिव्हाळ्याचा हुकूम काढता येतो का?

राजर्षी शाहू महाराजांनी तो काढून दाखवला. १९१९ मध्ये त्यांनी कोल्हापूर संस्थानातल्या अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम दिला. शिक्षण खात्यासाठीच्या हुकमात त्यांनी सांगितले की शाळेत स्पृश्य-अस्पृश्य भेद करायचा नाही, उलट अस्पृश्य मुलांना अधिक ममतेने वागवायचे, कारण स्पृश्यांना बाकीच्या वाटा मोकळ्या असतात. त्याच वर्षी अधिकाऱ्यांसाठीच्या हुकमात त्यांनी असेही बजावले की ज्याला अस्पृश्यांशी समतेने वागणे जमणार नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनाम्याची सूचना द्यावी, त्याला पेन्शन मिळणार नाही.

‘मनात प्रेम नसेल तर कायदा काय करणार’ असे म्हणणारे आजही भेटतात. शाहू महाराजांनी कोणाच्या मनात डोकावले नाही. त्यांनी वागणुकीला नियम लावला आणि त्या नियमाला पेन्शन जोडली. मन नंतर बदलते. आधी हात, जागा आणि पाणी बदलावे लागते.

इंग्रजी मुलखात मात्र शाळा मुलांना बाहेर फेकतच राहिली. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात बोलताना बाबासाहेबांनी सांगितले की प्राथमिक शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत आलेले प्रत्येक मूल आयुष्यभर साक्षर राहील अशा अवस्थेलाच बाहेर पडले पाहिजे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू त्यांनी सांगितला. म्हणजे पटावर नाव घालणे पुरेसे नाही, मूल टिकले पाहिजे. टिकण्याचा संबंध फी आणि गरिबीशी आहे, तसाच वर्गात मिळणाऱ्या वागणुकीशीही आहे.

मनुस्मृती जळाली, छडी उरली

त्याच १९२७ साली, २५ डिसेंबरला, महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. आपण दरवर्षी तो दिवस पाळतो. त्या मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायातला १६४ वा श्लोक काय सांगतो? रागाने दुसऱ्यावर दंड उगारू नये, अपवाद दोघांचा, मुलगा आणि शिष्य. त्यांना शिस्तीसाठी मारावे. आठव्या अध्यायात बायको, मुलगा, दास यांना दोरीने किंवा बांबूच्या कामटीने मारण्याची मुभा आहे. विद्येची आणि छडीची सांगड घालणारी जी म्हण आपण लहानपणी ऐकतो, तिच्या पाठीशी ही परंपरा उभी आहे.

आता आपल्यातल्या लोकांशी थोडे स्पष्ट बोलतो. ‘गुरुजींनी मारले म्हणून आम्ही घडलो’ असे आपले अनेक ज्येष्ठ अभिमानाने सांगतात. आश्रमशाळेत, वसतिगृहात, खाजगी क्लासमध्ये शिक्षक झालेले आपलेच काही बांधव छडी हातात घेतल्याशिवाय वर्गात जात नाहीत. त्यांना आमचा प्रश्न आहे. ज्यांना मारले आणि जे शाळा सोडून गेले, ते सांगायला कुठे आहेत? छडीने घडलेल्यांच्या गोष्टी ऐकू येतात, कारण ते व्यासपीठावर आहेत. छडीने पळालेले वीटभट्टीवर गेले, त्यांचे भाषण कोणी ठेवत नाही. आणि ज्येष्ठांनाही विचारतो, तुम्ही माराने घडलात की मार खाऊनसुद्धा घडलात? त्याचे श्रेय तुमच्या जिद्दीला आणि घरी उपाशी राहून तुम्हाला शाळेत धाडणाऱ्या आईला द्या. ते छडीला देऊ नका.

छडी सगळ्यांवर सारखी पडत नाही, हेही ध्यानात घ्या. ज्या मुलाचा बाप दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन जाब विचारू शकतो त्याच्यावर ती जपून उचलली जाते. ज्याचा बाप मजुरी बुडवून येऊ शकत नाही त्याच्यावर ती मोकळेपणाने पडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींवर बंदी घातली आहे. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचा एक दलित मुलगा शिक्षकाच्या मारहाणीनंतर मरण पावला. पाण्याच्या माठाला हात लावला म्हणून मारले, असे त्याच्या कुटुंबाने सांगितले. बाबासाहेबांच्या शाळेतला तो नळ आणि हा माठ यांच्यात सव्वाशे वर्षांचे अंतर आहे.

आणि ‘मानसिक छळ’ हा नुसता कायद्यातला शब्द नाही. ‘एससी-एसटीची मुले उभी राहा, शिष्यवृत्तीचे फॉर्म आलेत’ ही हाक कोणत्या वर्गात ऐकू येत नाही? एका क्षणात चाळीस जणांपुढे जात उभी केली जाते. हे आजचे गोणपाट आहे. वरच्या शिक्षणातही तेच. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या सुखदेव थोरात समितीचा अहवाल २००७ मध्ये आला. शिक्षक पुरेसा वेळ देत नाहीत, तोंडी परीक्षेत वेगळी वागणूक मिळते, वसतिगृहात वेगळे पाडले जाते, अशा तक्रारी दलित-आदिवासी विद्यार्थ्यांनी त्या समितीपुढे मांडल्या होत्या.

नागसेनाची अट

मग आपला वर्ग कसा असावा? मनूचा नको तर कोणाचा? त्याचे उत्तर बाबासाहेबांनी आपल्याला देऊन ठेवले आहे.

बुद्धाने सिगाल नावाच्या तरुणाला केलेल्या उपदेशात शिष्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत आणि लगेच आचार्याचीही पाच सांगितली आहेत. चांगले वळण लावणे, विषय नीट समजेल असे शिकवणे, हातचे न राखता सर्व विद्या देणे, मित्रमंडळींत त्याचे गुण सांगणे आणि सर्व बाजूंनी त्याला सुरक्षित ठेवणे. यात कोठेही दंड नाही. कर्तव्य दोन्ही बाजूंचे आहे. द्रोणाचार्याने न शिकवता अंगठा मागितला. इथे आचार्यावर हातचे न राखण्याचे बंधन आहे. दोन परंपरांतला फरक एवढ्यावरून समजावा.

बाबासाहेब स्वतः शिक्षक होते, हे आपण पुष्कळदा विसरतो. नोव्हेंबर १९१८ पासून ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिण्याला तिथल्या काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, तर दुसरीकडे त्यांची व्याख्याने ऐकायला इतर कॉलेजांतले विद्यार्थी येऊन बसत. १९३५ मध्ये ते सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज उभे राहिले. त्या कॉलेजात विद्यार्थ्यांची संसद भरत असे. विद्यार्थ्याला चर्चेची, विरोधी मत मांडण्याची आणि नियमाने भांडण्याची सवय लागावी, ही लोकशाहीची तालीम होती. आज्ञा पाळणारे विद्यार्थी तयार करायचे असते तर संसदेची गरज काय होती?

मग औरंगाबादचे कॉलेज आले, आणि त्याला त्यांनी नाव दिले मिलिंद. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, ज्याने भिक्खू नागसेनाला प्रश्नांमागून प्रश्न विचारले. त्या परिसराचे नाव नागसेनवन. त्या संवादाच्या सुरुवातीलाच नागसेन राजाला एक अट घालतो. तू पंडितांसारखी चर्चा करणार असशील तर मी बोलेन, राजांसारखी करणार असशील तर बोलणार नाही. राजा विचारतो, फरक काय? नागसेन सांगतो की पंडितांच्या चर्चेत मुद्दे उलगडले जातात, खोडले जातात, कोणी हरतो, पण कोणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट मांडतात आणि जो मान्य करत नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंद राजा पंडितांसारखी चर्चा कबूल करतो, आणि मगच प्रश्न सुरू होतात.

वर्गव्यवस्थापनावर आम्हाला याहून मोठे सूत्र माहीत नाही. वर्ग राजासारखा चालवता येतो, तिथे शांतता असते. वर्ग नागसेनासारखा चालवता येतो, तिथे प्रश्न असतात. शाळेला मुक्ता साळवे हवी असेल तर दुसराच वर्ग लागेल.

म्हणून जे आज शिक्षक आहेत किंवा होणार आहेत, आणि जे बुद्धविहारात, समाजमंदिरात अभ्यासिका चालवतात, त्यांच्यापुढे आम्ही काही कामे ठेवतो. बसण्याची जागा दर आठवड्याला फिरती ठेवा, कोपरा आणि शेवटचा बाक कोणाच्याही मालकीचा होऊ देऊ नका. मॉनिटर पाळीपाळीने करा, त्यात मुली आणि अडखळत वाचणारी मुलेही येऊ द्या. शिष्यवृत्तीचे काम वर्गात जात पुकारून करू नका, पालकांशी स्वतंत्र बोला. गैरहजर मुलाचे नाव पटावरून कमी करण्याआधी त्याच्या घरी जा, जोतीरावांचा शिक्षक तोच. पाणी कोण भरते, वर्ग कोण झाडते, शौचालय कोणाकडून धुवून घेतले जाते, याकडे डोळे उघडे ठेवून पहा. ओमप्रकाश वाल्मीकी यांना हेडमास्तरने वर्गाऐवजी मैदान झाडायला लावले होते, त्यांचे ‘जूठन’ वाचा. छडी आजच बंद करा. आणि वर्गाच्या शेवटी रोज पाच मिनिटे फक्त मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवा. उत्तर येत नसेल तर उद्या शोधून आणतो म्हणा, त्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही.

जे शिक्षक नाहीत त्यांचेही काम आहे. आपल्या वस्तीतल्या मुलांना मार्कांबरोबरच हेही विचारा, तू कुठे बसतोस, पाणी कुठे पितोस, सर तुला नावाने हाक मारतात का, तू शेवटचा प्रश्न कधी विचारलास? उत्तरात गोणपाट दिसले तर शाळा व्यवस्थापन समितीत जा, कायद्याचे कलम दाखवा, लेखी तक्रार द्या. चार पालक एकत्र गेले तर शाळेला ऐकावे लागते.

‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ ही घोषणा आपण रोज देतो. त्यातला पहिला शब्द वर्गात घडतो. तो वर्ग कोणाच्या नियमाने चालतो, हे आता आपण ठरवायचे आहे.

जय जोती! जय भीम!